चांगले गोळे राहू देत

ती. वन्संना,

नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. ठीक काहीही नाही. तुम्ही पुढच्या महिन्यात आईंना न्यायला येणार आहात. कृपा करून या रविवारीच या.

झालं असं. तुमच्या भावाने हौसेने समुद्री चाच्यांचा गेम आणला, दोन दिवस खेळला आणि विसरला. महिन्यापूर्वी आईंनी सहज कंट्रोलर हातात घेतला, आणि तेव्हापासून दुपारची जेवणं उरकली की आम्ही दोघी समुद्रावर. आई कप्तान. (कुणी ठरवलं ते विचारू नका. या घरात अशा गोष्टी ठरत नाहीत, असतातच.) सुकाणू त्यांच्या हातात, आणि मी बेटांवर उतरून लाकडं तोडते, लोखंड खणते, शिडांच्या कापडाचे गठ्ठे वाहते. चौदा वर्षं जमिनीवर केलं तेच आता पाण्यावर. बरं, आणलेलं वापरू द्यावं, तर तेही नाही. ‘असू दे, लागेल कधीतरी.’ असं करत पाचशे ओंडके साठले आणि जहाज इतकं जड झालं की वळता वळेना.

गुरुवारी शत्रूचं जहाज आडवं आलं. माझा बेत साधा होता. वारा पाठीशी ठेवायचा, लांबूनच लोखंडी गोळ्यांनी त्याची डोलकाठी पाडायची, मग सावकाश माल लुटायचा. मी तोफ भरायला घेतली, तर आई म्हणाल्या, ‘ते चांगले गोळे आहेत, राहू देत. आधी जुने संपव.’ जुने म्हणजे दगडी. ते निम्म्या वाटेतच पाण्यात पडतात. मग ते पोचावेत म्हणून आईंनी जहाज थेट शत्रूच्या तोफांपुढे नेलं, जुनी ओळख काढायला निघाल्यासारखं! मी ओरडले, ‘आई, ओंडके फेका आणि वळवा!’ तर म्हणतात कशा, ‘फेकायचे? एक ओंडका तोडायला किती कष्ट पडतात, कल्पना आहे का तुला?’ (मला! वन्सं, मला!)

तळाला चार भोकं पडली. मी फळ्या घेऊन खाली धावले, तर वरून हुकूम आला, ‘आधी एक लावून बघ. उगाच चार वाया घालवू नकोस.’ बुडालो. पाचशे ओंडके आणि दोनशे चांगले गोळे, एकही न वापरलेला, सगळं तळाशी गेलं. संध्याकाळी तुमचा भाऊ घरी आला, तर आई शांतपणे म्हणाल्या, ‘हिने भोकं वेळेवर बुजवली नाहीत.’ तो बूट काढता काढता म्हणाला, ‘दोघींचंही बरोबर आहे.’ अशा माणसाला मी रोज गरम डबा देते.

जहाज गेल्याचं मला वाईट वाटत नाही. एकदा, एकदाच, सुकाणू माझ्या हाती देऊन बघावं, एवढंच मनात होतं. पण मागायला जीभ रेटेना. म्हणून म्हणते, रविवारी या.

राग आहे, पण आदर तेवढाच आहे, हे तुम्ही जाणताच.

तुमची,
लाकडांखाली दबलेली वहिनी

ता. क. रविवारी येऊ नका. पत्र पाकिटात घालत होते, तेवढ्यात आई आल्या. म्हणाल्या, ‘नवं जहाज मिळालंय. सुकाणू तूच धर. मला वाऱ्यातलं काही कळत नाही.’ मला काही कळत नाही, असं त्या याआधी कशाबद्दल म्हणाल्याचं आठवत नाही. मी ‘बरं’ म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला. पुढच्या महिन्यात तरी त्यांना कशाला नेता? राहू देत ना इथेच.

आणखी एक ता. क. (हे मी लिहितेय, तुझी आई.) पत्र वाचलं. सुकाणू हिला दिलंय, पण जायचं कुठे ते मीच सांगणार. तू येणारच असशील तर एक कंट्रोलर घेऊन ये. लाकडं तोडायला आता कोणी नाही.