तू लपवलं नाहीस म्हणून

माय, नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "घरात आधी कुणाला असा त्रास होता का?" आणि मी लगेच उत्तर दिलं. आईला होता. अमुक वयात सुरू झाला, झोप उडण्यापासून सुरू झाला, अमुक गोळीनं बरा झाला. त्या लिहिता लिहिता थांबल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मॅडम, या खुर्चीत बसून इतकं सरळ कुणी सांगत नाही. बहुतेक लोक म्हणतात, आमच्याकडे असलं काही नाही." त्या दिवसापासून तुला हे सांगायचं मनात आहे. आज शाळेला सुट्टी आहे, घरात कुणी नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझा तो उन्हाळा मला नीट आठवतो. सडक अर्जुनीच्या हायवेवरचा आपला ढाबा, पुढे बाबा गल्ल्यावर, मागे तू चुलीपाशी. तू झोपेनाशी झालीस, पण थकतही नव्हतीस. भराभरा बोलायचीस, एका गोष्टीतून दुसरीत उडी मारायचीस, हसायचीस. भिंतीला स्वतःच्या हातानं निळा रंग दिलास, दुसऱ्या दिवशी त्यावर पिवळा. आम्हांला सुरुवातीला मजाच वाटली. मग एका दुपारी तू हातात झारा घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिलीस आणि रायपूरकडून येणारे ट्रक अडवायला लागलीस. "थांबा, जेवून जा! सगळ्यायले पुरते!" डांबर तापलेलं, तुझ्या पायात चप्पल नाही. एका ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, खाली उतरला आणि एक शब्दही न रागावता तुझा हात धरून तुला आत घेऊन आला. बाबांना म्हणाला, "भाईसाब, बहनजी को डॉक्टर के पास ले जाओ. आज ही." गावातले लोक अंगात येतं म्हणत होते, कुणी नवेगावकडच्या एका जाणत्या मांत्रिकाचं नाव सांगत होतं. बाबा कुणाशी वाद घालत बसले नाहीत. त्याच ट्रकच्या केबिनमध्ये तुला मध्ये बसवून नागपूरला गेले. मी ट्रक दिसेनासा होईपर्यंत उभी होते आणि आत पातेल्यातला भात करपत होता.

तू परत आलीस तेव्हा ओळखू येत नव्हतीस. सुजल्यासारखा चेहरा, जड पावलं, आणि कापणारे हात. पण आल्यावर पहिल्यांदा काय केलंस, तर चूल पेटवलीस. कांदा चिरताना सुरी थरथरायची, आणि समोर जेवायला बसलेले ड्रायव्हर बघत राहायचे. तू त्यांना सांगायचीस, "हात कापते माहा. दवाईनं कापते, दारूनं नाई. डोस्क्याची बिमारी झाली होती, नागपूरले भरती होती. आता रोज गोळी खातो, चांगली आहो. घ्या, भाजी घ्या." ते हसायचे आणि भाजी घ्यायचे. बाबा सुरुवातीला म्हणायचे, "काऊन सांगतं सगळ्यायले?" तू म्हणायचीस, "मलेरिया झाला असता त सांगतलं असतं का नाई?"

रक्त तपासायला आपण दोघी गोंदियाला जायचो. त्या गोळीचं प्रमाण रक्तात बघावं लागतं, कमी झालं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विषासारखं, हे मला शाळेत असतानाच तुझ्यामुळे कळलं. बसमध्ये तू पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसायचीस, कारण डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. एकदा रक्त देऊन बाहेर आल्यावर बाजारात मला लाल काचेच्या बांगड्या घेतल्यास आणि दंडावरचा कापूस दाबत म्हणालीस, "रक्त माहं गेलं, बांगड्या तुले." दुकानदाराला काही समजलं नाही. आपण दोघी मात्र परत येईपर्यंत हसत होतो.

पण तुझं सांगणं मला नेहमीच सोसलं असं नाही. मला बघायला पहिले पाहुणे आले होते तो दिवस तुला आठवतो का? मुलगा शिकलेला, घर चांगलं, सगळं जुळत आलेलं. पोहे झाले, चहा झाला, मुलाची आई माझ्या हाताकडे बघून अंगठीचं माप विचारू लागली. आणि तू पदराला हात पुसत म्हणालीस, "एक गोष्ट सांगाची राहिली. मले डोस्क्याचा आजार आहे. पोरीले नाई. पन पुढं कोनाले होईन का नाई, ते डॉक्टरयले बी सांगता येत नाई. तुमाले मालूम असलं पायजे." बाबा जमिनीकडे बघत राहिले. पाहुणे गोड बोलून गेले आणि निरोप नाहीचा आला. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. तू आत आलीस. मला वाटलं समजूत घालशील. तू दटावलंस. "रागाव तुले रागवाचं असन तं. पन मले लपवाले सांगू नोको. मी कोनाचं काई चोरलं नाई. आज लपवून देतो तुले, आन् उद्या तुले काई झालं त तू कोनाले सांगशीन वो? त्या घरात एकटीच बसून राहाशीन." मी भांडी आपटतच राहिले.

नंतर जे पाहुणे आले, त्यांच्यातल्या मुलानं तुझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता कशी आहे तब्येत?" तू म्हणालीस, "चांगली आहो." तो म्हणाला, "मग भाजी अजून थोडी वाढा." तोच माझा नवरा. आमचं लग्न तू पाहिलंस, माझी लेक मात्र पाहायला राहिली नाहीस. लोक म्हणायचे हिचं डोकं हिला नेणार, आणि नेलं ते पावसाळ्यातल्या मलेरियानं.

आणि मग, माय, तू म्हणाली होतीस तसं मलाही झालं. तुझ्यासारखं भरधाव नाही, उलटं. मी गोंदियाच्या शाळेत शिकवते, फुलचूरला राहते. एक दिवस वर्गात फळ्यासमोर उभी होते, हातात खडू होता, आणि पुढचा शब्द येईना. धडा पाठ होता. तरी येईना. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तबियत ठीक नहीं है क्या?" मी हो म्हणाले आणि खाली बसले. ते बसणं फार लांबलं. अंघोळ नकोशी, जेवण नकोसं, लेकीचं बोलणं दुरून ऐकू यायचं. इथल्या डॉक्टरांनी एक गोळी दिली, मग दुसरी, मग दोन्ही मिळून. काही होईना. एका सकाळी नवऱ्याला मी सांगितलं की मला जगावंसं वाटत नाही. हे वाक्य मला बोलता आलं, कारण आपल्या घरात असली वाक्यं बोलायची सवय तू लावली होतीस. त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि माझा हात धरून बसून राहिला. त्या दिवसापासून त्यानं मला एकटं सोडलं नाही.

त्याच सुमारास माझ्या हॉस्टेलच्या मैत्रिणीचा बंगळूरहून फोन आला. तिचा नवरा अचानक गेला होता आणि ती खचली होती. आता तिचा आवाज वेगळाच होता. दक्षिणेतल्या एका डोंगरावर कुणीतरी एक प्रकारची अळिंबी खायला देतं, म्हणाली. आपण पावसाळ्यात जंगलातून आणून खातो त्या सात्यांसारखी नव्हे, मन उघडणारी. "अगं, मी त्याला भेटले. तो समोर बसला होता. मी त्याचा निरोप घेतला. इतक्या गोळ्यांनी जे झालं नाही ते एका दिवसात झालं." आता दुसरा गट जाणार होता, त्यात ती पुन्हा जाणार होती आणि तिनं माझं नावही घातलं होतं. मी हो म्हणाले. बरं वाटेल म्हणून हो म्हणाले, आणि तू समोर येऊन बसशील म्हणूनही. नवरा अडवू शकला असता. त्यानं एवढंच म्हटलं, "जा. पण आधी नागपूरला एकदा मोठ्या डॉक्टरांना विचारू."

म्हणून त्या खुर्चीत मी बसले होते. तुझं सगळं सांगून झाल्यावर मी डोंगराचंही सांगितलं. मला वाटलं डॉक्टरीणबाई हसतील किंवा रागावतील. त्या म्हणाल्या, "तुमची मैत्रीण खोटं बोलत नाही. बाहेरच्या देशांत यावर गंभीरपणे काम चालू आहे, आणि काहींना खरंच गुण येतो. पण तिथं आधी माणसाची पूर्ण चौकशी करतात, जवळ जाणकार बसतो, नंतर महिनोन्‌महिने लक्ष ठेवतात. तुमच्या आईसारखा आजार घरात असेल तर बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. त्यानं मन उघडतं, पण तुमच्या घरात ते परत मिटेलच असं नाही. आपल्याकडे त्याला कायद्याची परवानगीही नाही. आणि डोंगरावर जो देतो, त्याला तुमची आई माहीत नाही." मी रडायला लागले. आशा सुटली म्हणून. त्यांनी मला रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "तुमच्या आईमुळे मला आणखी एक कळलं. तुमची उदासी साधी नसावी. ती त्याच घरातली असावी. म्हणून त्या गोळ्या लागू पडत नाहीत." आणि त्यांनी मला तुझीच गोळी लिहून दिली.

ती गोळी सावकाश काम करते, हे तुला ठाऊक आहे. तोवर मला धीर निघत नव्हता म्हणून त्यांनी दवाखान्यातच आणखी एक उपचार केला. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला वापरतात तेच औषध, अगदी कमी, सुईतून. हेही मनाला थोडा वेळ शरीरापासून लांब नेतं, पण दंडाला रक्तदाबाचा पट्टा असतो, उशाशी सिस्टर असते, आणि दाराबाहेर नवरा असतो. मी डोळे मिटले. आधी पाय लांब गेले, मग मी स्वतःच. खाली धानाच्या बांध्या दिसत होत्या, पाण्यानं भरलेल्या, एकीला एक लागून, आणि मी त्यांच्यावरून कुठेही न पोचता जात होते. मध्येच खूप भीती वाटली. मी परत येणारच नाही असं वाटलं. सिस्टरनं हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "ताई, मी इथंच आहे." तू आली नाहीस, माय. मी वाट पाहिली. नुसतं पाणी होतं आणि बांध्या.

उठल्यावर मळमळलं, डोकं गरगरलं. परतताना नवऱ्यानं मुद्दाम सडक अर्जुनीवरून गाडी घेतली. ढाबा होता तिथं आता रुंद रस्ता आहे, तुझ्या चुलीची जागा नेमकी सांगता येत नाही. थोडं पुढे एक नवा ढाबा आहे. तिथं बसलो, आणि वरणाचा वास आला. मला भूक लागली. खरी भूक. मी भात मागवला, अजून मागवला. नवरा जेवायचं सोडून माझ्याकडे बघत होता. वेटरला वाटलं आमचं काहीतरी बिनसलंय.

ते टिकलं नाही. काही दिवसांत पुन्हा सगळं राखाडी झालं आणि मी पहिल्यापेक्षा जास्त घाबरले. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, हा टेकू आहे, घर नाही. पुन्हा सुई, पुन्हा प्रवास, मग अंतर वाढवत वाढवत बंद. तोवर तुझी गोळी रक्तात मुरली होती. आता मी शाळेत जाते, पाणी भरपूर पिते, हात जरा कापतो. फळ्यावर अक्षर वाकडं येतं, मुलं काही म्हणत नाहीत.

मैत्रीण त्या दुसऱ्या गटाबरोबर गेली होती. ती आजही बरी आहे, आणि तिचं बरं होणं मी खोटं म्हणणार नाही. पण त्या गटातला एक माणूस परत आल्यावर झोपेना, बोलणं थांबेना, आपण सगळ्या जगाला वाचवणार म्हणू लागला. त्याला भरती करावं लागलं. भरती केल्यावर त्याच्या घरच्यांनी सांगितलं, काकांना असंच झालं होतं, आम्ही कधी बोललो नाही. मैत्रीण फोनवर रडत होती. मी ऐकत होते आणि मला पोह्यांच्या बशा, बाबांची खाली गेलेली मान आणि पदराला हात पुसणारी तू दिसत होतीस. त्या दिवशी तू जे बोललीस त्यानं एक स्थळ गेलं. मी वाचले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मलाही माहीत आहे. तुला हे सगळं सांगणं मला सोपं गेलं. माझी लेक आता दहावीत आहे. मी आजारी होते तेव्हा आम्ही तिला सांगितलं की आईला अशक्तपणा आलाय. तिनं ते ऐकून घेतलं. रोज सकाळी ती मला गोळीबरोबर पाण्याचा पेला आणून देते आणि गोळी कसली ते विचारत नाही. रोज पेला हातात घेताना मी तिला सांगायला तोंड उघडते, माय, आणि पाणी पिऊन टाकते.