मागच्या बाकांची सुट्टी

१९ मार्च, शुक्रवार

चि. बाळ्यास,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा जरा बरा आहे, तू फोन करत नाहीस म्हणून कुरकुर तेवढी चालू असते. तू शाळेत पाठवलेला फुलांचा गुच्छ मिळाला. शिपाईमामांनी कौतुकाने बादलीत ठेवला होता. मी कचऱ्यात टाकला.

तपासणीत शाळेला वरची श्रेणी मिळाली, शाळा बंद व्हायची टळली, हे तुमच्या शिक्षण कार्यालयात तुला माझ्याआधीच कळलं असणार. त्या दिवशी पाचवीचे मागचे बाक रिकामे होते. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "तापाची साथ आहे, मॅडम." माझं लक्ष तपासायला आलेल्या साहेबांकडे. मुख्याध्यापिका असून मी नुसती मान डोलावली.

काल फाटकाशी पाचवीतली चिमणी भेटली. आवाज बारीक, म्हणून चिमणी. "बरी झालीस का गं?" म्हटलं, तर म्हणाली, "मी कुठे आजारी होते? मठ्ठ मुलांना सुट्टी होती ना!"

तळपायाची आग मस्तकात गेली. वर्गशिक्षिकेला फैलावर घेतलं, तर ती रडकुंडीला आली. "तुमच्या भावाचाच फोन होता, मॅडम. म्हणाले, कच्ची मुलं घरी ठेवा, ताईला कळू देऊ नका."

गाढवा, हा दीडशहाणपणा तुला सांगितला कुणी? वर्षभर शाळा सुटल्यावर मी त्याच मुलांना घेऊन बसत होते. अक्षरओळख नसलेली चिमणी आता धडा घडाघडा वाचते. तपासणीसाठी घरी आरशासमोर उभी राहून वाचत होती पोर! एकदा तरी विचारायचंस, "ताई, मुलं कशी आहेत गं?" तुला वाटलं, ताईच्या हातून काही होणार नाही. ते जास्त लागलंय मला.

आज तुझ्या मोठ्या साहेबांकडे गेले होते. म्हटलं, श्रेणी परत घ्या, सोमवारी पुन्हा तपासायला या, सगळी मुलं बसतील.

"कमी पडलात तर शाळेला कुलूप लागेल, मॅडम."

"लागलं तर लागू दे."

मग त्यांनी विचारलं, मुलांना घरी ठेवायला सांगितलं कुणी? मी तुझं नाव सांगितलं.

तुझी नोकरी जाऊ शकते, कळतं मला. येताना रस्त्याने रडत आले. आईला मी काही बोललेले नाही, ते तूच येऊन सांग. आणि साहेबांनी पुन्हा विचारलं, तर मी पुन्हा तेच नाव सांगेन.

अजूनही तुझीच,
ताई