परत न दिलेला तास

१२ ऑक्टोबर
पोचले एकदाची! सला शहर सोडून दोन दिवस झाले. शेवटचे तीन तास व्हॅनमध्ये अक्रोडाच्या पोत्यावर बसून काढले, पण खोलीच्या खिडकीतून खालची दरी दिसली आणि सगळा शीण गेला. घरमालकीण इत्तो, सगळे तिला मानाने लाल्ला म्हणतात, विधवा आहे. साठीची असेल, पण पाठ ताठ. आल्या आल्या पुदिन्याचा चहा आणि लोणी लावलेली गरम हर्शा, रव्याची भाकरी, पुढ्यात ठेवली. शाळा म्हणजे एकच वर्गखोली, तेवीस मुलं. त्यातली नऊ नदीपलीकडच्या वस्तीतून लाकडी पूल ओलांडून येतात, अर्ध्या तासाची चाल. वर्षभर नीट काढलं की नोकरी कायम.

गंमत म्हणजे इथे दोन वेळा चालतात. सरकारची नवी वेळ उन्हाळ्यात तासभर पुढे जाते आणि ऑक्टोबरअखेर मागे येते, तिला गावात कुणी विचारत नाही. किती वाजले म्हणून विचारलं, तर इत्तो म्हणाली, "तुझे की आमचे, पोरी?"

१७ ऑक्टोबर
आठवडी बाजाराची व्हॅन चुकली. व्हॅनवाल्याने नऊ सांगितलं होतं. मी माझ्या नऊला गेले, तर तासभर तिष्ठत बसले. कंटाळून चहा प्यायला गेले आणि तेवढ्यात ती त्याच्या नऊला येऊन निघूनही गेली. इत्तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पलीकडची मुलं रोज तासभर उशिरा येतात, मी हजेरीत खाडाखोड करते. अठ्ठावीस तारखेला घड्याळं मागे जातील, मग त्यांचा आणि आमचा तास एकच. थोडेच दिवस राहिलेत.

२७ ऑक्टोबर
रेडिओवर बातमी आली. घड्याळं मागे जाणार नाहीत. या हिवाळ्यात नाहीत आणि पुढच्याही नाहीत. एक दिवस आधी सांगतात! घेतलेला तास परत करायचा नाही, आणि वर म्हणतात, जनतेच्या सोयीसाठी. कुठली जनता? राजधानीत दिव्याखाली बसणारी?

२९ ऑक्टोबर
बातमी माझ्या फोनला कुणी कळवली नव्हती. तो परवा रात्री आपणहून तासभर मागे गेला. काल रविवार, घरातच होते, लक्षात आलं नाही. आज शाळेत पोचले तर दारात तपासनीस उभे. वर्षातून एकदा येणारा माणूस नेमका आज आला. चौदा मुलांसमोर मला वेळेवरून बोलले, नऊ मुलं आठला गैरहजर म्हणून बोलले आणि लेखी ताकीद दिली. शाळा सरकारी आठला भरलीच पाहिजे, नाहीतर नोकरीचं विसरा, असं त्यात लिहिलंय.

५ नोव्हेंबर
पालकांची सभा घेतली. पलीकडच्या वस्तीचा बास्सू उभा राहिला. त्याची मुलगी तूदा माझ्या वर्गात आहे, नऊ वर्षांची, सगळ्यात हुशार. तो म्हणाला, आमच्याकडे सूर्य डोंगरावरून येतो, कुणाला विचारून येत नाही. तुमच्या आठला इथे काळोख असतो. उजेड पडल्याशिवाय तो पूल आम्ही ओलांडत नाही. आमच्या आज्यानेही ओलांडला नाही.

कारण विचारलं तर त्याने तेच पुन्हा ऐकवलं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, वेळेवर न येणाऱ्याचं नाव पटावरून काढून टाकीन. बास्सू खाली बसला.

घरी इत्तो जेवताना एवढंच म्हणाली, "उजेडाआधीचा तो तास रिकामा असतो, लेकी. रिकाम्या जागेत माणसं लोटू नयेत." मी फणकारले. सरकार एका बाजूने, ही माणसं दुसऱ्या बाजूने. मधल्या मध्ये चिरडायला मी आहेच.

१९ नोव्हेंबर
जिंकले. आता नऊच्या नऊ मुलं अंधारातच येतात, आठच्या आधी दारात, एका रांगेत. बोटं गारठलेली, पण शिस्त वाखाणण्यासारखी. तूदाने वहीवर माझं चित्र काढलंय. पुलावर कंदील धरून उभी. किती गोड. पण कंदील माझ्याकडे नाही, हे तिला सांगितलं तर ती नुसती हसली.

२२ नोव्हेंबर
आज खोदून विचारलं. मुलं मला उस्ताझा म्हणतात, म्हणजे बाई. म्हणे, उस्ताझा रोज पुलावर असतात. हजेरी घेतात. ज्याचं नाव येईल त्याने 'हजर' म्हणून पूल ओलांडायचा. माझीच तपकिरी शाल, माझाच खोकला. मी म्हटलं, मी त्या वेळी खोलीत चहा करत असते. तूदा म्हणाली, "पण उस्ताझा, तिथे तुम्ही ओरडत नाही."

कुणीतरी माझी टवाळी करतंय. वस्तीतल्याच एखाद्या बाईला शाल गुंडाळून उभं केलंय, मला पळवून लावायला. हा बास्सूचाच उद्योग.

२३ नोव्हेंबर
त्याला तोंडावर विचारलं. मुलं काय सांगतात ते ऐकून त्याचा चेहरा पांढरा पडला. भांडला नाही. हातातली कुऱ्हाड तिथेच टाकून घराकडे निघाला. नाटक असेल तर फार उत्तम नाटक आहे.

३ डिसेंबर
बॅटरी घेऊन सात वाजता पुलावर गेले. त्यांचे सहा. मिट्ट काळोख, खाली पाणी. कुणी नव्हतं. वीसेक मिनिटांनी पलीकडून मुलांची चाहूल लागली. आणि माझ्या मागून, अगदी खांद्यामागून, कुणीतरी हजेरी घ्यायला सुरुवात केली.

आवाज माझाच. नावांचा क्रम माझ्या पटाचा, जो मी कुणाला दाखवलेला नाही. वळले. कुणी नाही. बॅटरीत नुसतं धुकं. मुलं एकेक करून 'हजर' म्हणत माझ्या शेजारून गेली. एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही.

मी पळाले. मुलांच्या पुढे पळाले. हे लिहिताना लाज वाटतेय.

७ डिसेंबर
कार्यालयाला अर्ज केला होता. निदान हिवाळ्यापुरती शाळा नऊला भरवू द्या, पूल धोक्याचा आहे. फोनवर उत्तर मिळालं. सूर्योदय हा नियमात बसणारा निकष नाही. म्हणे मुलांना बॅटऱ्या द्या. बॅटऱ्या! त्या माणसाने आयुष्यात कधी अंधारात शाळेची वाट तुडवली असेल? आणि मी तरी कुठे त्याच्यापेक्षा बरी? पटावरून नाव काढण्याची धमकी त्याने नव्हती दिली. मी दिली होती.

सोमवारपर्यंत काय ते ठरवते. नोकरीचं काय ते –

१० डिसेंबर
आठ मुलं आली. तूदा नाही.

विचारलं. मुलं म्हणाली, उस्ताझांनी तूदाचं नाव घेतलं नाही. ती थांबली. उस्ताझा म्हणाल्या, तू थांब, तुझं शेवटी.

तूदाचं दप्तर पुलाच्या कठड्याला अडकवलेलं. नीट. पट्टा दोनदा गुंडाळून.

अख्खं गाव नदीत उतरलंय. सूर्य यायला अजून –

१२ डिसेंबर
नाही सापडली. पाणी गुडघाभर आहे. कुणी वाहून जाईल असं नाही.

संध्याकाळी बास्सू दारात आला. तो ओरडेल, मारेल, असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. हळू म्हणाला, "घरी ती कुणाचं ऐकायची नाही, उस्ताझा. फक्त तुमचं ऐकायची."

१३ डिसेंबर
तपासनिसाला फोन केला. सांगितलं, आजपासून शाळा ऊन अंगणात आल्यावर भरेल. त्याने निलंबनाची भाषा काढली. मी म्हटलं, निलंबन कराच. कागद घेऊन स्वतः या, सकाळी सातला या आणि पूल ओलांडून या. त्याने फोन ठेवला.

घरोघर जाऊन सांगितलं. सूर्याआधी मूल बाहेर सोडू नका.

१४ डिसेंबर
शाळेत दिवा नव्हता. कुलूप तसंच, किल्ली माझ्या गळ्यात. आत पलीकडची आठही मुलं. अंधारात, हाताची घडी घालून. फळ्यावर आजची तारीख. माझं अक्षर. मी आत शिरले तर एकजण दुसऱ्याला विचारतो, ही कोण?

ही कोण!

त्यांच्या आयांना संशयही आला नाही. म्हणतात, दारातून तुम्हीच हाक मारलीत.

१६ डिसेंबर
सगळे आठजण इत्तोकडे आणलेत. दाराला अडसर लावून बास्सू आणि बाकीचे बाप बसलेत. उद्या तो तास मी बसणार, पुलावर. इत्तोने माझी शाल धरून ठेवली, सोडेना. रडली. मी तिला म्हटलं, लाल्ला, तो तास मी त्यांच्या माथी मारला.

मिनिटामिनिटाचं लिहून ठेवणार. कार्यालयाच्या तोंडावर फेकायला –

१७ डिसेंबर
सात दहा. त्यांचे सहा दहा. कठड्याला टेकून बसलेय. बॅटरी तोंडात धरून लिहितेय.

सात एकवीस. सुरू झालं. पलीकडून. माझा आवाज, पण शांत. किती शांत. मुलांशी मी असं कधीच बोलले नाही.

पहिलं नाव. उत्तर नाही. दुसरं. नाही. बरं झालं. बोंबलत बस, सटवे. कुणी येणार नाही.

सात सव्वीस. आठही नावं झाली. गप्प.

सात तीस. अजून गप्प. वाटतं, गेली. झुंजुमुंजू व्हायला अर्धा तास – एवढा काढला की –

तूदाचं नाव घेतलं.

'हजर.'

तीच. तिचाच आवाज, दातांवर दात वाजताहेत. पुलाच्या टोकाला काहीतरी छोटं उभं आहे. पायात एकच बूट.

विचारतेय, उस्ताझा, आता येऊ का?

दोन्हीकडे बघून विचारतेय. मला की त्या दुसरीला – मी बोलले नाही तर ती बोलेल. फळी वाजली. नाही, तूदा, तिकडे नाही, इकडे बघ, मी इथे आ –