सिंह, नांगर आणि एक अक्षर

आप्पा,

परवा लातूरच्या आमच्या तपासणी केंद्रात आपल्या उदगीरची एक बाई चांदीचे सहा चमचे घेऊन आली. ती आली नसती तर मी हे लिहायला बसलेही नसते. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि तुमच्याशी काही बोलायचं राहिलंय असं मला रोज वाटतं असंही नाही. लोकांचे दागिने यंत्राखाली ठेवायचे, शुद्धता वाचायची, नोंद करायची, त्यातच माझा दिवस जातो.

तुमचं दुकान मला आठवतं ते दुपारचं. सराफ्यात गल्लीच्या तोंडाशी एक गादी, मागे शेगडी. मी शाळेतून परस्पर तिथेच येते, दप्तर भिंतीला टेकवते आणि तुमचे हात बघत बसते. मोडीत आलेल्या चांदीत कधीमधी एखादं विलायती भांडं असतं, निजामाच्या काळातल्या कुण्या अंमलदाराच्या घरातून निघालेलं. ते मुशीत टाकण्याआधी तुम्ही कातरीने त्याच्यावरच्या ठशांची अख्खी ओळ कापून घेता आणि ती पट्टी बामच्या रिकाम्या डबीत टाकता. मी विचारते, कशाला? "सिंव्ह हाय त्यो, बाई. देवीचं वाहन. आगीत घालू न्हाई." शेजारचा ठसा मी ओळखते. हा जहाजाचा नांगर, आमच्या पुस्तकात आहे. तुम्ही पट्टी उजेडाला धरता. "ह्यो कसला नांगर? ह्याला फाळ कुठाय?" समोरचं गिऱ्हाईक हसतं. तुम्ही हसत नाही, तुम्ही खरोखरच फाळ शोधत असता.

नांदेडला शिकून मी या नोकरीला लागले आणि पहिल्याच वर्षी इंग्रजी चांदीचे ठसे वाचायला शिकले. कुणी सांगितलं नव्हतं. काम नसलं की मी कॉम्प्युटरवर तक्ते काढून बसायची. सिंह म्हणजे हजारात नऊशे पंचवीस भाग चांदी. नांगर म्हणजे बर्मिंगहॅमला तपासलेली, मुकुट म्हणजे शेफील्डला. दोन अक्षरं कारागिराच्या नावाची. आणि एक सुटं अक्षर वर्षाचं, दरवर्षी बदलणारं. त्या दिवाळीला मी घरी आले ती भिंग आणि तक्ते घेऊनच. तुमची डबी गादीवर उपडी केली. एका पट्टीवर नांगर, सिंह आणि लहान लिपीतला इंग्रजी 'के' निघाला. भांडं कसलं होतं ते तुम्हाला आठवत होतं: चोचीचा, दुधाचा लहानसा जग. मी तक्त्यावर बोट ठेवलं. "आप्पा, दोनशे वर्षांचा होता हा. दोनशे! आणि तुम्ही त्याचे तोडे करून टाकले. बघून तरी मोडायचा!" माझा आवाज चढला होता. आई आतून म्हणाली, "अगं, बापाला काय बोलायलीस?" तुम्ही पट्टी तळहातावर घेतलीत. मग म्हणालात, "ह्ये वाचायचं असतंय, ह्येच मला कुणी सांगितलं न्हाई गं."

त्यानंतर तुम्ही विलायती चांदीला हात लावला नाही. कुणी आणली तर परत पाठवायचात. आणि ज्याला त्याला सांगत सुटलात, सराफ्यात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत: "म्या दोनशे वर्षांचं भांडं मोडलं. लेकीनं वाचून दावलं." त्यात तुमची लाज किती होती आणि माझं कौतुक किती, ते मला कधी वेगळं काढता आलं नाही.

महाशिवरात्रीच्या सुमाराला मला माझी चूक कळली. ती वर्षाची अक्षरं संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, आणि लहान लिपीतला तसाच 'के' शंभर वर्षांनी परत आलेला आहे. दोन्हींत फरक ओळखायची खूण साधी होती. जुन्या काळी चांदीवर कर असायचा, तो भरला की राजाचा चेहराही ठोकत. पुढे कर गेला, चेहराही गेला. तुम्ही अख्खी ओळ कापली होती. तीत राजा नव्हता. तो नाही, हे मी बघितलंच नव्हतं. म्हणजे तो दुधाचा जग शंभर-सव्वाशे वर्षांचा, बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत ढिगाने निघालेल्यांपैकी एक. तुम्ही मोडलात त्यात वावगं काही नव्हतं.

तुम्ही गेलात गणपतीत. मधे मी चारदा घरी आले. चौथ्या खेपेला तुम्ही खाटेवर होतात आणि बघायला आलेल्या शेजाऱ्याला त्या दुधाच्या जगाचीच गोष्ट सांगत होतात. मी पाणी आणून दिलं. बापाला वाटणारं लेकीचं कौतुक कशाला हिरावून घ्यायचं, असं तेव्हा मनाला समजावलं. ते खोटं होतं. मला चुकलेली म्हणवून घ्यायचं नव्हतं.

परवाची बाई सांगत होती, तिची सासू या चमच्यांचे नातवासाठी वाळे करायला निघाली होती. "तुमच्या आप्पांनी मोडून दिले न्हाईत. म्हणले, दोनशे वर्षांचे असतील, जपून ठिवा. हायेत ना तेवढे?" मी भिंग लावलं. मुकुट, सिंह, अक्षर. राजा नाही. "शंभरेक वर्षांचे आहेत," मी म्हणाले. "तेव्हा वाचण्यात चूक झाली होती." कुणाची, ते बोलले नाही.

या पत्रावर पत्ता घालायचा नाही, म्हणूनच पुढचं लिहिता येतंय. बाईने चमचे फडक्यात बांधले आणि ती समजुतीने म्हणाली, "असू द्या. जुन्या माणसाला कुठून कळावं इंग्रजी?"

आप्पा, मी हो म्हणून मान हलवली.