पडलेला जैतून

नैरोबी, ९ मे १९९४

चि. स्योम्बुआस अनेक आशीर्वाद.

इथे जंगल वाचवण्यासाठी मोठं प्रदर्शन भरतंय आणि मधोमध शिल्प माझं असणार! आपल्या देवराईतला थोरला जैतून पडलाय ना, त्याच्या खोडातून मी रडणारं रान कोरणार. मेलेल्या झाडाला कसली हरकत? गावातल्या म्हाताऱ्यांना मधाची दारू पाठवतोय, ते मोडता घालणार नाहीत. तू मात्र बाबांसारख्या भुवया चढवशील. आईचे डोळे कसे आहेत?

मायेत ठेव.
न्झिओका दादा


मुताले, २० मे

ती. दादास सा. न. वि. वि.

चढवल्या भुवया, बरं का! आईला आता काहीच दिसत नाही. रोज संध्याकाळी देवराईत नेऊन बसवते, तेवढाच तिचा विरंगुळा.

तिथे पडेल ते तिथेच कुजेल, हे मी तुला सांगायचं? मक्याची मुथोकोई चुलीवर अर्धी कच्ची असताना आईने तिथली वाळकी काटकी आणली, तर बाबांनी ती परत ठेवायला लावली. कडाकडा मका चावत जेवलो होतो आपण. राखणदाराच्याच घराने खोड उचललं, तर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने अडवू? शहरात लाकडाचा काय दुष्काळ पडलाय? हट्ट सोड, आणि रागावू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
तुझी स्योम्बुआ


नैरोबी, ३ सप्टेंबर

चि. स्योम्बुआस अ. आ.

तू ट्रकसमोर आडवी उभी राहिलीस म्हणे! म्हाताऱ्यांची परवानगी होती, वेडाबाई. असो, झालं गेलं. शिल्पापुढे बायका डोळे पुसतात. बाबांना अभिमानच वाटला असता. आईला घेऊन ये, हाताने चाचपून पाहील.

रुसवा सोडून लिही.
दादा


मुताले, १ डिसेंबर

दादा,

ट्रक गेला त्याच आठवड्यात शेजारच्या मुन्याओने वाळकी फांदी नेली. अडवलं, तर म्हणाला, तुझ्या भावाने नेलं ते काय होतं? मग ओली झाडं गेली, कोळशाच्या भट्ट्या पेटल्या. तुझी दारू प्यालेले म्हातारे काय बोलणार? आता देवराईत नुसते खुंट आहेत. तुझ्या त्या रडणाऱ्या रानाचा मला संताप येतो.

आईला सांगायचा धीर झाला नाही. रोज तिला शाळेमागच्या निलगिरीखाली बसवते आणि देवराई आली म्हणते. ती साल चाचपते आणि बरं म्हणते. काल परतताना म्हणाली की न्झिओकाला यातलं काही कळवू नकोस, पोराला वाईट वाटेल.

म्हणून कळवलं.

स्योम्बुआ