तोरणाचा हात

सोमवार, २८ जुलै २०२५. दुपारी ३
बियाणं कंपनीची ही डायरी जानेवारीपासून कोरी पडलीय. आजपासून खांद्याची रोज नोंद. रोज म्हणजे रोज.
उजवा हात सहा महिने वर जात न्हाई. शिरूरच्या हाडाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. म्हणाले, स्नायू हाडाला बांधणारी दोरी झिजलीय, तुटली न्हाई, ऑपरेशन नको. मी इतक्या मोठ्यानं हसलो की कंपाउंडर बघायला आला. भ्यालो नव्हतो. फक्त बनियन भिजलं होतं.
फिजिओच्या नीलम मॅडमनी पिवळा रबरी पट्टा दिला. दाराच्या कडीला बांधून ओढायचा, पंधरा-पंधराच्या तीन खेपा, आठ आठवडे. पिवळा हलका पडला की हिरवा देणार. आमच्याकडं पोळा भादव्याच्या अवसेला, २१ सप्टेंबरला. आठ आठवड्यांना एक दिवस कमी. तो कव्हर करू.
पोळ्याला वेशीत तोरण बांधायचा मान आमच्या घराचा. खुंटी डोक्याच्या वर वीतभर. स्टूल चालत न्हाई, गाठ वर उजव्या हातानंच. आमच्या घरात कुणाला जमलं न्हाई तर मान चुलतभावाकडं, म्हणजे गोकुळकडं. गोकुळ आत्तापासूनच रोज तब्येत विचारतोय.

मंगळवार, २९ जुलै
सात वेळा ओढला. आत काहीतरी कटकन वाजलं. थांबलो. उरलेली दोरी तुटली तर? हात लोंबकळला तर? रिस्क घ्यायची न्हाई.
आई भाकरी थापता थापता विचारत होती, किती येळा वढायचं म्हनली ती बाई, कळ आली तर थांबायचं का? सगळं नीट समजावून सांगितलं. तिचाही खांदा दोन वर्षं धरलाय, पण काळजी माझीच. आईची माया.

मंगळवार, १२ ऑगस्ट
मधले दिवस लिहायचे राहिले. पट्टाही.
आज डोकं चाललं. बैलाचा खांदा जुवानं सुजला की जनावराचे डॉक्टर काळं मलम देतात, चार दिवसात बैल टकाटक. बैलाला लागू पडतं ते मला का न्हाई? जू मी पण ओढतोच की. गोठ्यातली डबी घेतली. बायकोला सांगितलं न्हाई. अनिता उगाच घाबरते.

बुधवार, १३ ऑगस्ट
कातडी सोलली. आग आग. अनिता म्हणाली, बैलाला निदान केस तरी असत्यात.

सोमवार, १८ ऑगस्ट. सकाळी ७
आज व्यायाम पक्का ठरवला होता. पट्टाच जागेवर न्हाई! शेवटी स्वयंपाकघराच्या कडीला सापडला. अनितानं फडकी वाळत घालायला बांधला असणार. औषधपाण्याची घरात कुणाला किंमत न्हाई. मूड गेला. उद्या.

मंगळवार, २६ ऑगस्ट
मॅडम म्हणाल्या, शॉकवेव्ह करून बघू. शॉक! मोटारीच्या स्टार्टरचा शॉक दोनदा खाल्लाय, एकदा तर केळीच्या बुंध्यात जाऊन पडलो होतो. मॅडम म्हणाल्या, काका, करंट नसतो, नुसते ठोके असतात. हातोडीचा विचार आला. सहा ठोके सोसले. सातव्याला चप्पल हातात घेऊन बाहेर. फोन आलाय म्हणून सांगितलं. फोन घरी होता.
मॅडम विचारत होत्या, पट्टा रोज चाललाय ना? म्हणालो, घरात रोज चालू आहे.

मंगळवार, ९ सप्टेंबर
बारा दिवस उरले. हात कानापर्यंत जातो. जातो म्हणजे डाव्या हातानं उचलला तर.
दौंडला एक डॉक्टर सोनोग्राफीत बघून इंजेक्शन देतात. इनामगावमार्गे मोटारसायकलवर गेलो, एका हातानं. माझा नंबर सातवा. पाचवा माणूस आत गेला आणि ओय म्हणाला. मी चहाला बाहेर पडलो. तो चहा दौंड स्टेशनवर प्यालो. मग घरी. अनिताला सांगितलं, डॉक्टर रजेवर.
सुईची भीती न्हाई. सुई दिसते त्याची आहे.

शनिवार, २० सप्टेंबर. संध्याकाळ
खांदेमळणी. बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावायचं काम दरवर्षी माझं. यंदा आई म्हणाली, सर बाजूला. वशिंडापर्यंत हात घालून तिनं दोन्ही बैल खसाखसा चोळले. अठ्ठ्याहत्तर वर्षं! जुन्या माणसांची हाडंच गावरान. उरलेलं हळद-तूप अनितानं माझ्या खांद्याला लावलं, वरून म्हणाली, उद्या शिंगं रंगवू का?
हसलो. पण उद्या सगळ्या गावासमोर हात वर करायचाय. आज्ज्यापासूनचा मान. माझ्या हातून जाणार का?
न्हाई. ऐन वेळी अंगात बळ येतंच.

रविवार, २१ सप्टेंबर. पोळा
आलं न्हाई.
हलगी थांबली. सगळं गाव माझ्याकडं बघतंय. हात छातीपर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला, तिथंच अडकला. डोळ्यापुढं काजवे. गोकुळ बाही वर सरकवत पुढं आला. भ्यालो. पहिल्यांदाच लिहितोय, लय भ्यालो.
तेवढ्यात बायकांतनं आई आली. ओवाळणीचं ताट माझ्या डाव्या हातात दिलं, तोरण काढून घेतलं. आई आमच्यात सगळ्यात उंच, मी वडिलांवर गेलोय. उजवा हात सरळ वर! गाठ मारली. वर दुसरी मारली.
गोकुळ म्हणाला, बाईमाणसं कुठं बांधत्यात व्हय? आई म्हणाली, नियम घरातल्या मानसाचा हाय. म्या काय भाड्यानं ऱ्हाती का?
हलगी सुरू झाली. बैल तोरणाखालून गेले. मी ताट धरून उभा.

सोमवार, २२ सप्टेंबर. सकाळी ८
आईला विचारलं, हात कसा काय गेला वर? म्हणाली, तूच न्हाई का सांगितलं, पंधरा-पंधराच्या तीन खेपा? तू रानात गेला की वढत व्हते.
वर म्हणाली, शिरूरला गेला की त्या पोरीकडनं हिरवा आन. पिवळा आता हलका पडाय लागलाय. पिवळा ठेव तुला.
पट्टा स्वयंपाकघराच्या कडीलाच होता. चार वेळा ओढला. पाचव्याला कळ आली. थांबणार होतो, पण आई समोर बसून मोजत होती.