एका शब्दावरची बंदी उठवण्याबाबत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणार तो, धंद्याने केशकर्तनकार, धर्माने ख्रिस्ती, स्वभावाने तापट, असे लिहून ठेवतो की माझी छाती आता भरवशाची राहिलेली नाही, पण डोके ठिकाणावर आहे. जन्मभर लोकांची डोकी हातात धरली. ठिकाणावर असलेले कोणते आणि नसलेले कोणते, हे मला कोणी सांगायला नको. माझ्यावर कोणी दमदाटी केलेली नाही, की गोड बोलून काही काढून घेतलेले नाही. गोड बोलणारे आमच्या घरात फारसे कोणी नाहीच. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले आणि, डॉक्टरांचा चेहरा पाहता, शेवटचे.

मी बोलतो आहे आणि आमचे वकीलसाहेब लिहून घेत आहेत. ते माझे जुने गिऱ्हाईक. मी सांगेन ते शब्दाला शब्द उतरवायचे असे ठरले आहे. मधूनच ते म्हणतात, "हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हणतो, "बसवा."

कलम पहिले. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, मागची मोरी आणि मी आत्ता पडलो आहे तो पलंग, तसेच बँकेत जे काय असेल ते, सर्व माझ्या पत्नीचे. तिने घर ठेवावे, विकावे, भाड्याने द्यावे. कोणी तिला शहाणपण शिकवायला जाऊ नये. आतल्या खोलीत खिळ्याला आमच्या मुलाचे दप्तर अडकवलेले आहे. ते मी कधी काढू दिले नाही. आता तिला काढावेसे वाटले तर काढावे, ठेवावेसे वाटले तर राहू द्यावे.

कलम दुसरे. माझ्या मेव्हण्याला, म्हणजे पत्नीच्या थोरल्या भावाला, माझी छत्री द्यावी. छत्री चांगली आहे. मात्र माझ्या दफनाच्या वेळी त्याला बोलायला उभे करू नये. आमच्या मुलाच्या कबरीपाशी तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "देवाला चांगली फुलं आधी लागतात." माझ्या मुठीत तेव्हा माती होती. ती मी कबरीत टाकली, त्याच्या तोंडावर नाही, ही देवाचीच कृपा. माणूस मनाने वाईट नाही, त्याला गप्प बसवत नाही एवढेच. त्याला मी केव्हाच माफ केले. बघा, त्याला केले, काही जड गेले नाही.

कलम तिसरे. आता दुकान. हे कलम लांबेल, वकीलसाहेबांनी चहा घेऊन बसावे.

दुकानात दोन खुर्च्या आहेत. पुढची माझी, मागची धाकट्या भावाची; हल्ली त्याची मुलगीही त्याच्या हाताखाली शिकते. वडिलांनी आम्हा दोघांना एकाच आरशासमोर उभे करून धंदा शिकवला. ते गेले तेव्हा धाकटा अजून अजाण होता, म्हणून दुकान माझ्या नावावर झाले. त्याला मी हाताला धरून वाढवले. वस्तरा कसा धरायचा, गिऱ्हाइकाच्या मानेवर हात किती हलका ठेवायचा, सगळे मी शिकवले. माझ्या मुलाचा तर काकाच्या खांद्यावरून पाय खाली लागत नसे.

मुलगा नऊ वर्षांचा होता. एका रविवारी उपासना झाल्यावर धाकटा त्याला नदीवर घेऊन गेला. मीच म्हटले होते, "घेऊन जा रे याला, घर डोक्यावर घेतलंय." धाकटा पट्टीचा पोहणारा. मुलाला काठच्या उथळ पाण्यात खेळायला सोडून तो एका ओळखीच्या माणसाशी बोलत उभा राहिला, पाण्याकडे पाठ करून. बोलणे कशावर चालले होते, ठाऊक आहे? मिशी कशी ठेवावी यावर. वळून पाहिले तर पाण्यावर कोणी नाही. त्यानेच उडी मारून बाहेर काढला, त्यानेच खांद्यावर घालून घरी आणला. पोराचे ओले केस मी पुसले. दोनच दिवसांपूर्वी मी ते कापले होते, मानेवरची रेघ अजून सरळ होती.

त्यानंतर धाकटा रोज येऊन एकच बोले. "दादा, माफ कर." दुकानात, दारात, चर्चच्या पायरीवर. एके दिवशी मी चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासत होतो आणि तो पुन्हा तेच घेऊन आला. मी म्हटले, "हा शब्द परत तोंडातून काढलास तर तू माझा भाऊ नाहीस."

त्याने ऐकले. लहानपणापासून माझे ऐकायची सवय, तसे ऐकले. इतके, की तो शब्द त्याने माझ्यासमोरच नव्हे, कोणासमोरच काढला नाही. आता आमच्या धंद्यात हा शब्द उठता-बसता लागतो. वस्तरा लागला, माफ करा. कानात केस गेला, माफ करा. पाणी गार लागले, माफ करा. धाकट्याचा हात चुकला की तो तुरटी लावतो आणि मान खाली घालून उभा राहतो. नव्या माणसाला वाटते, काय घमेंडखोर आहे हा! काही जण त्या खुर्चीत पुन्हा बसले नाहीत. मी आरशात सगळे पाहत होतो, आणि खोटे कशाला बोलू, सुरुवातीची वर्षे मला बरे वाटत होते.

दुकान आम्ही सोडले नाही, बोलणे सोडले. जे काय सांगायचे ते गिऱ्हाइकामार्फत. "मागे सांगा, मशीनला तेल घालायचंय." "पुढे सांगा, घातलंय." लोकही तयार झाले. एकदा पाळकसाहेब माझ्या खुर्चीत होते, एक गाल झालेला, दुसऱ्यावर फेस. मी म्हटले, "मागे सांगा, ब्रश द्या म्हणावं." ते म्हणाले, "मी निरोप्या आहे, पण एकाच मालकाचा. तुझं तू सांग." मी हट्टाला पेटलो, तेही पेटले. फेस वाळून पापुद्रे निघाले. शेवटी धाकट्यानेच मुकाट्याने ब्रश आणून फळीवर ठेवला. उठताना पाळकसाहेब म्हणाले, "या गालाचे पैसे त्याला दे." मी दिले नाहीत.

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचे ताट बाकावरून येते तेव्हा मी काही न घेता ते पत्नीकडे सरकवतो. मनात एवढे धरून ती भाकर घशाखाली उतरायची नाही, एवढे मला कळते. मागच्या बाकावर धाकटाही ताट पुढे करतो. मंडळीत सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे छताकडे बघतात.

मुलगा माझ्या पत्नीचाही होता. ती महिन्याभरातच धाकट्याला म्हणाली, "भावोजी, जेवून जा." तो जेवला नाही, ताटासमोर बसून नुसता रडला, पण ती त्याला रोज म्हणत राहिली. मला म्हणे, "अहो, देवाच्या खुर्चीत बसू नका. तुमची जागा खुर्चीच्या मागे." मी तिच्यावर ओरडायचो. तिला हे सोपे गेले असे मला वाटायचे. सोपे गेले नव्हते, ती मोरीत नळ सोडून रडायची.

तर या मृत्युपत्रान्वये मी जाहीर करतो की: (अ) दुकानाचा अर्धा हिस्सा व मागची खुर्ची धाकट्या भावाची, उरलेला अर्धा पत्नीचा. (आ) उपरोक्त शब्दावर मी घातलेली बंदी माझ्या मृत्यूच्या क्षणापासून उठवण्यात येत आहे.

इथे वकीलसाहेबांनी लेखणी थांबवली. म्हणाले, "मृत्यूच्या क्षणापासून? मग तो म्हणणार कोणाला?"

मी म्हटले, "सांगितलंय ते लिहा."

"सकाळपासून बाहेर पायरीवर बसलाय तो."

"बसू दे."

कारण सांगतो, तेही लिहा. त्याने तो शब्द काढला की मला 'केले' म्हणावे लागणार. आणि केले म्हटले की सगळे मिटले, मुलगा गेला तो गेलाच. इतकी वर्षे हा राग धरून ठेवला तो मुलाचा हात धरावा तसा धरला. सोडू कसा?

कलम चौथे. मला पेटीत ठेवण्याआधी माझी दाढी धाकट्याने करावी, दुसऱ्या कोणाचा हात लागू देऊ नये. आजारात मी कोणाकडून करून घेतलेली नाही, त्यामुळे केस राठ झाले आहेत. गरम पाणी सढळ हाताने लावावे. मेलेल्या माणसाला वस्तरा लागला तरी रक्त येत नाही, तेव्हा त्याने घाबरून हात आखडू नये.

यापुढचा मजकूर साक्षीच्या वेळी घडला तसा लिहिला आहे.

साक्षीला दोन माणसे लागतात. उपासना आटपून पाळकसाहेब आले. दुसरे शेजारचे घड्याळवाले येणार होते, त्यांनी आयत्या वेळी टांग मारली. वकीलसाहेब म्हणाले, "भाऊ आहे बाहेर, पण ज्याला वाटा मिळतो त्याने साक्ष केली तर वाटा बुडतो." मी म्हटले, मग प्रश्नच मिटला, दुसरे कोणी बघा. तेवढ्यात पत्नी दाराशी गेलीसुद्धा. "भावोजी, आत या."

तो आला. भिंतीला टेकून उभा राहिला. वकीलसाहेबांनी सगळा कागद त्याला वाचून दाखवला, नदीसकट, आणि वाट्याचा कायदाही समजावला. मी छताकडे पाहत होतो. मग तो वकीलसाहेबांना म्हणाला, "त्यांना सांगा, वाटा नको. साक्षीला माझं नाव घाला."

वकीलसाहेबांनी मला सांगितले, जसे काही मी दुसऱ्या गावात होतो. मी त्यांना म्हटले, "त्याला सांगा, वेडेपणा करू नकोस." तो म्हणाला, "सांगा, दादाच्या कागदावर भाऊ म्हणून सही करायचीय. खुर्ची काय करायचीय मला?"

पहिल्या पानावर मी सही केली, पाळकसाहेबांनी केली, मग त्याने लेखणी घेतली. जन्मभर वस्तरा हलक्या हाताने धरणाऱ्याने लेखणी मात्र दाबून धरली. शाईचा भलामोठा डाग पडला, माझ्या सहीवरच. तो गडबडला, बाहीने पुसायला गेला, आणखी पसरला. आणि घाबरून त्याच्या तोंडून निघून गेले, "माफ कर दादा, कागद खराब झाला."

निघाले आणि त्याच्या लक्षात आले. त्याने तोंडावर हात ठेवला.

वकीलसाहेब म्हणाले, "पान बदलून देतो." मी म्हटले, "पानाला हात लावाल तर याद राखा." मग त्याच्याकडे पाहिले. किती म्हातारा झाला आहे तो! मी म्हटले, "केलं रे. केलं माफ."

मला भीती होती तेच झाले. मुलगा आज गेला. मी आणि धाकटा मिळून त्याच्यासाठी रडलो.

दुरुस्त्या: कलम तिसरे (अ) मध्ये धाकट्या भावाऐवजी त्याची मुलगी, माझी पुतणी, असे वाचावे, तिचा हात आम्हा दोघांहून हलका आहे. (आ) मध्ये 'माझ्या मृत्यूच्या क्षणापासून' हे शब्द खोडून 'आत्तापासून' असे वाचावे.

आम्ही साक्षीदार लिहून देतो की मृत्युपत्र करणाऱ्याने आमच्या डोळ्यांदेखत सही केली. या शेवटच्या पानावर सही करताना तो रडत होता, पण पूर्ण शुद्धीवर होता.

मृत्युपत्र करणार: (सही)
साक्षीदार पहिला: (सही) पाळक
साक्षीदार दुसरा: (सही) सख्खा भाऊ

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: आजचा रविवार